मोटर पाणी धरते आणि दहा मिनिटांत सोडते: माझा अनुभव

खटाव तालुक्यातल्या आजोबांच्या मळ्यात आम्ही कायमचे राहायला आलो आणि विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटरीने (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात) पहिल्याच आठवड्यात हैराण केलं. पाणी भरून चालू केली की धार जोरात यायची, दहा मिनिटांत बारीक व्हायची, मग मोटर नुसतीच फिरायची.

फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) नवा बसवला, ग्लँडचा (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सांध्याचा) दोर बदलला. फरक शून्य. वांग्याची रोपं माना टाकताना बघून जीव तुटायचा.

दोष होता सक्शन पाइपात, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपात. आधी मेन स्विच पाडून फ्यूज खिशात घातले. मग डिलिव्हरी पाइप (पंपातून पाणी वर नेणारा) तोंडापर्यंत पाण्याने भरला आणि पंप ते पाणी एवढा सगळा सक्शन कोरड्या फडक्याने पुसून अर्धा तास थांबलो. पंपाजवळच्या फ्लँजखाली (बोल्टने आवळलेल्या चकतीच्या जोडाखाली) एक थेंब लोंबत होता. बंद असताना जिथून थेंब बाहेर येतो, तिथूनच चालू असताना हवा आत ओढली जाते. खात्रीसाठी मोटर चालवून तिथे साबणाचा फेस लावला, तो आत गेला.

पुन्हा वीज तोडून फ्लँज खोलला. आतलं रबर पापडासारखं तडकलेलं. दोन्ही तोंडं घासून साफ केली, 3 मिमी जाडीचं नवीन पॅकिंग कापून बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. एकच बाजू आधी आवळली तर पॅकिंग चेपतं. मग पाणी भरून, हवेचा बुडबुडा थांबेपर्यंत वाट पाहून मोटर चालू केली.

पंप पाण्यापासून 6-7 मीटरपेक्षा वर असेल, तर मात्र आधी तो खाली घ्या.