नववीचं वर्ष संपताना : मागे वळून कसं पाहावं

नववीची वार्षिक परीक्षा एप्रिलात संपते आणि बऱ्याच शाळांत सुट्टी लागायच्या आतच दहावीचे जादा तास सुरू होतात. घरात, शेजारी, लग्नकार्यात जो तो एकच विचारतो, "यंदा दहावी ना?" नुकतंच संपलेलं वर्ष कसं गेलं हे विचारायला कुणाला सवड नसते. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. दहावीत जे जड जातं त्यातलं पुष्कळसं नववीतच अर्धवट राहिलेलं असतं. ते शोधायला याहून चांगली वेळ पुन्हा मिळत नाही. वह्या अजून घरात आहेत, पेपर आठवतात आणि शिकवणारे सर-बाई शाळेतच भेटतात.

हा लेख मुख्यतः नववी संपवलेल्या मुलामुलींसाठी आहे. आई-बाबांसाठीही एक भाग आहे. हे सगळं राज्य मंडळाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सीबीएसईच्या शाळांत वर्ष मार्चमध्ये संपून एप्रिलात दहावीचा वर्ग भरतोच, तेव्हा त्या मुलांनी मार्च अखेरीलाच वेळ काढावा. लागेल ती एक वही, पेन आणि दोन मोकळ्या दुपारी. त्यांतली एक निकालाआधीची, दुसरी निकालानंतरची.

१. वह्या रद्दीत जाऊ देऊ नका

परीक्षा संपली की घरात आवराआवर निघते आणि वर्षभराच्या वह्या रद्दीवाल्याकडे जातात. आधी ते थांबवा. सगळ्या विषयांच्या वह्या, स्वाध्याय, विज्ञानाची प्रयोगवही, शाळेची दैनंदिनी, प्रथम सत्राचे पेपर, चाचण्यांचे कागद, प्रकल्प असं सगळं एका जागी ठेवा. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका सहसा घरी देत नाहीत. पण निकालाच्या सुमारास पालकांसोबत गेलं तर पुष्कळ शाळा त्या दाखवतात. नुसती विनंती करायची असते, संकोच बाळगू नका. प्रश्नपत्रिका मात्र तुमच्याकडेच असतात, त्या हरवू नका.

२. निकालाआधी : अंदाज लिहून ठेवा

ही पायरी लहान आहे, पण वगळू नका. निकाल हातात येण्याआधी प्रत्येक विषयापुढे स्वतःला किती गुण मिळतील असं वाटतं ते लिहा. शेजारी एका ओळीत कारणही लिहा : "भूमितीत प्रमेय जमलं, पण शेवटचा प्रश्न राहिला." "हिंदीत पत्राचा नमुना आठवला नाही."

निकाल लागल्यावर आकडे ताडून पाहा. गुण किती पडले यापेक्षा अंदाज किती हुकला हे जास्त शिकवतं. ज्या विषयात ७० वाटले होते आणि ४८ पडले, तिथे आपल्याला येतं असं वाटत होतं आणि ते येत नव्हतं. हा धोका कमी गुणांच्या विषयापेक्षा मोठा आहे. जो विषय येत नाही हे माहीत असतं त्याचा अभ्यास मुलं करतात. येतो असं वाटणाऱ्या विषयाकडे मात्र कुणी फिरकत नाही. उलटही होतं : ५० वाटले आणि ६८ आले. तिथे भीती उगाच होती, आणि तीही दहावीत सोबत न्यायची गरज नाही.

३. वर्ष महिन्यांनी आठवा

"वर्ष कसं गेलं?" असं स्वतःला विचारलं तर "बरं गेलं" एवढंच उत्तर येतं. म्हणून महिने धरा. जूनमध्ये शाळा सुरू झाली (विदर्भात ती थोडी उशिरा भरते), नवी तुकडी, बाकावर शेजारी कोण होतं? पावसात किती दिवस शाळा बुडली? गणपतीत अभ्यास कितपत झाला? दिवाळीच्या आधी प्रथम सत्र परीक्षा, मग सहल, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, २६ जानेवारीचं संचलन, आणि मग दुसऱ्या सत्राची घाई. प्रत्येक महिन्यापुढे दोन-तीन ओळी लिहा. आठवत नसेल तिथे वह्यांवरच्या तारखा पाहा.

वह्यांच्या तारखा फार खरं बोलतात. सप्टेंबरपर्यंत सुबक अक्षर, समासाच्या रेघा, तपासल्याच्या सह्या, आणि डिसेंबरनंतर पानंच्या पानं कोरी, असं दिसलं तर डिसेंबरात काय झालं ते शोधा. कुणी आजारी पडलं होतं का? घर बदललं? सामन्यांच्या सरावात तास बुडाले? त्या सुमारास मोबाइल हातात आला? कारण लिहा, स्वतःला शिक्षा देऊ नका. एखाद्या आजारपणात बुडालेले दोन धडे हे आळसाचं लक्षण नसतं, आणि ते दोन धडे मे महिन्यात भरूनही निघतात.

४. गेलेले गुण कारणांनी वेगळे करा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. प्रगतिपत्रकावर विषयापुढे एकच आकडा असतो आणि तो काहीच सांगत नाही. दोघांना गणितात ५५ पडले तरी दोघांचं दुखणं वेगळं असू शकतं. प्रश्नपत्रिका समोर घ्या आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे कारण लिहा. ही कारणं बहुधा पुढच्यांपैकीच असतात.

*येतच नव्हतं.* धडा समजला नव्हता किंवा वाचलाच नव्हता. इथे धड्याचं नाव लिहा, "गणित कच्चं" असं मोघम लिहू नका. "बहुपदींचे अवयव पाडता येत नाहीत" असं लिहिलं की काम सुरू करता येतं.

*येत होतं, पण लिहिण्यात गेलं.* भूमितीत पक्ष आणि साध्य लिहिलं नाही, सिद्धतेत कारणं दिली नाहीत, आकृतीला नावं नाहीत. विज्ञानाच्या उदाहरणात उत्तर बरोबर, पण एकक नाही. भूगोलात नकाशाला सूची नाही किंवा आलेखाला प्रमाण नाही. असे गुण एक-एक करून जातात आणि बेरीज मोठी होते. हे परत मिळवणं मात्र सगळ्यांत सोपं. सवयीचा प्रश्न आहे, बुद्धीचा नाही.

*प्रश्नच नीट वाचला नाही.* इतिहासात "कारणे लिहा" असं असताना टीप लिहिली, "फरक स्पष्ट करा" असं असताना दोन वेगवेगळे परिच्छेद लिहिले. भाषेच्या कृतिपत्रिकेत हे फार होतं. "स्वमत" विचारलेलं असतं आणि मुलं उताऱ्यातलीच वाक्यं उतरवतात.

*वेळ पुरला नाही.* दहावीत गणिताचे दोन पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. नववीत शेवटचा प्रश्न सुटला असेल तर तो का सुटला? अक्षर हळू आहे, सोप्या प्रश्नावर फार रेंगाळलात, की अडलेलं उदाहरण सोडून पुढे जाणं जमलं नाही? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

अंतर्गत मूल्यमापनाचे गुणही पाहा. दहावीत गणिताच्या १०० पैकी २० गुण त्याचे असतात. भाषांतही ८० लेखी आणि २० तोंडी व अंतर्गत कामाचे. नववीत हे गुण स्वाध्याय वेळेवर न दिल्यामुळे गेले असतील, तर ते वाचवायला शिकवणीची गरज नाही.

हे सगळं करताना बरोबर आलेली उत्तरंही वाचा. ज्या उत्तराला पूर्ण गुण मिळाले ते कसं लिहिलं होतं? तेच तुमचं स्वतःचं आदर्श उत्तर आहे, गाइडमधल्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

५. नववीतलं काय दहावीत पुन्हा भेटतं ते पाहा

सगळी नववी पुन्हा वाचायला वेळ नसतो आणि गरजही नसते. बालभारतीची नववीची पुस्तकं २०१७ मध्ये आणि दहावीची २०१८ मध्ये आली. ती शेजारी ठेवली की कोणता धडा कुठे जोडला आहे ते दिसतं.

बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं दोन्ही वर्षांत आहेत. वर्गसमीकरणं सोडवायला बहुपदींचे अवयव यावेच लागतात. सांख्यिकीत नववीत मध्य, मध्यक, बहुलक येतात, दहावीत तेच वर्गीकृत सामग्रीवर काढायचे असतात. भूमितीत नववीचा त्रिकोणाचा धडा कच्चा असेल तर दहावीच्या पहिल्याच धड्यात, समरूपतेत, अडायला होतं. वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती ही तर नावानिशी पुन्हा येतात.

विज्ञानात गतीच्या नियमांवर गुरुत्वाकर्षण उभं आहे, धाराविद्युतवर विद्युतधारेचे परिणाम, कार्बनच्या धड्यावर कार्बनी संयुगं. प्रकाशाच्या परावर्तनात चिन्हांचे संकेत समजले नसतील तर भिंगांची उदाहरणं चुकत राहतात. संयुजा आणि रेणुसूत्रं येत नसतील तर रासायनिक समीकरणं संतुलित करणं म्हणजे नुसता अंदाज.

इतिहास-भूगोलाचं तसं नाही. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, इतिहासात इतिहासलेखनापासून प्रसारमाध्यमं आणि पर्यटनापर्यंत वेगळेच विषय आहेत. तिथे नववीतून फक्त उत्तर लिहिण्याची रीत आणि नकाशा वाचण्याचं कौशल्य सोबत न्यायचं.

चौथ्या पायरीत "येतच नव्हतं" म्हणून लिहिलेल्या धड्यांपैकी जे या यादीत आहेत त्यांवर खूण करा. मे महिन्याचा अभ्यास एवढाच.

६. गुणांच्या बाहेरचं वर्ष

नववीचं वय चौदा-पंधरा. या वर्षात आवाज बदलतो, उंची वाढते, जुनी मैत्री तुटते, नवी जुळते. ते कुठल्याही प्रगतिपत्रकात येत नाही, म्हणून ते घडलंच नाही असं होत नाही. वहीचं एक पान यासाठी ठेवा आणि नेमके प्रश्न विचारा :

वर्गात कुणी मला मदत केली, आणि मी ते त्याला किंवा तिला सांगितलं का?
कुणाला आपण चिडवत राहिलो, डब्याला एकटं बसू दिलं?
कोणता तास संपू नये असं वाटलं?
आधी आवडणारी कोणती गोष्ट मी सोडली : चित्रं, कबड्डी, तबला, वाचन? का सोडली?
कोणत्या दिवशी शाळेत जावंसं वाटत नव्हतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "खूप दिवस" असं असेल, किंवा त्रास देणाऱ्या कुणाचं नाव मनात येत असेल, तर ते वहीत ठेवून देऊ नका. आई, बाबा, आजी, मावशी, वर्गशिक्षिका, ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याशी याच आठवड्यात बोला. हे पान कुणाला दाखवायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. घरच्यांनी ते न विचारता उघडू नये.

७. आई-बाबांसाठी

प्रगतिपत्रक हातात आल्यावर पहिलं वाक्य काय बोलता त्यावर पुढचं सगळं बोलणं अवलंबून असतं. "शेजारच्या अमक्याला किती?" हे पहिलं वाक्य असलं तर संभाषण तिथेच संपतं आणि मूल वर्षभर काही सांगत नाही. त्याऐवजी म्हणा, "तुला आवडलेली तुझी एक वही दाखव." मग ऐका. मध्ये सल्ला देऊ नका, जेवण होईपर्यंत तरी.

चौथ्या पायरीतलं काम मुलासोबत बसून केलं तर उत्तमच, पण पेन मुलाच्या हातात असू द्या. मोठ्या शिकवणीचे पैसे भरण्याआधी ती यादी एकदा पाहा. गुण मुख्यतः मांडणीत आणि वेळेत गेले असतील तर शिकवणीपेक्षा घड्याळ लावून सोडवलेले जुने पेपर जास्त कामाला येतील.

मूल नववीतच थांबलं असेल, तर याच यादीची सगळ्यांत जास्त गरज त्याला आहे. ते वर्ष पुन्हा पहिल्या पानापासून रेटण्याऐवजी नेमकं कुठे अडलं हे समजून ते सुरू होईल. अशा मुलासमोर, किंवा पाहुण्यांसमोर, "वर्ष वाया गेलं" हे शब्द उच्चारू नका.

८. एका शिक्षकांना भेटा

सगळ्यांना भेटणं जमत नाही. ज्या विषयाचा अंदाज सर्वांत जास्त हुकला त्या विषयाच्या सरांना किंवा बाईंना भेटा आणि एकच प्रश्न विचारा : "माझ्या पेपरात तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसलेली चूक कोणती?" "मी कसा अभ्यास करू?" या प्रश्नाला कुणीही ठरावीक उत्तर देईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र त्यांना तुमचा पेपर आठवावा लागतो. वर्षभरात आवडलेली एखादी गोष्टही त्यांना सांगा. शिक्षकांना ते क्वचितच ऐकायला मिळतं.

९. थोडंच ठरवा

आता वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहू नका, आणि प्रत्येकीला वेळ आणि जागा द्या. "गणिताकडे लक्ष देईन" हे कुणालाच पाळता येत नाही. "१५ मेपर्यंत रोज सकाळी नाश्त्याआधी अवयवांची पाच उदाहरणं" हे पाळता येतं. तिसरी गोष्ट अभ्यासाबाहेरची असू द्या : सोडलेलं चित्र, रविवारचं मैदान. दहावीच्या वर्षात सगळं बंद करण्याचा सल्ला खूप जण देतील. माझं मत त्यांच्याविरुद्ध आहे. रोजचा तासभर खेळ पंधरा वर्षांच्या शरीराला हवाच.

मग वह्या आवरा. उरलेली कोरी पानं काढून शिवा, दहावीच्या कच्च्या कामाला ती वही पुरेल. सरकारी योजनेतली मोफत पुस्तकं आठवीपर्यंतच असतात, नववीची विकतच घ्यावी लागतात. तेव्हा भाषा, इतिहास आणि भूगोलाची पुस्तकं आठवीतून वर येणाऱ्या कुणाला तरी जूनच्या आत देऊन टाका. गणिताचे दोन्ही भाग आणि विज्ञानाचं पुस्तक मात्र दहावीची परीक्षा होईपर्यंत स्वतःकडे ठेवा.