जावास्क्रिप्ट: एका साइटपुरती बंद, बाकीकडे चालू

ऑनलाइन फॉर्म भरायला बसावं आणि पानावर एवढीच ओळ यावी: 'प्लीज एनेबल जावास्क्रिप्ट'. उलटी तक्रारही तितकीच खरी. बातमी वाचायला जावं तर वर पट्टी, खाली पट्टी, मध्येच एक व्हिडिओ आपणहून बोलायला लागतो आणि जुना फोन गरम होतो. पहिल्या वेळी जावास्क्रिप्ट चालू हवी असते, दुसऱ्या वेळी बंद. दोन्हींची किल्ली ब्राउझरच्या एकाच सेटिंगमध्ये आहे.

जावास्क्रिप्ट म्हणजे साइटने पाठवलेला आणि आपल्या ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम. 1995 साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा तयार केली. ती ब्राउझरमध्ये मुळातच असते, वेगळी बसवावी लागत नाही. त्यामुळे 'जावास्क्रिप्ट अपडेट डाउनलोड करा' असं सांगणारी खिडकी उघडली तर सरळ बंद करा, तो फसवणुकीचाच प्रकार.

माझं मत आधीच सांगतो: सगळीकडे बंद करायच्या फंदात पडू नका. बँक, रेल्वेचं तिकीट, नकाशे, व्हॉट्सॲप वेब, यातलं काहीच चालणार नाही. गूगलचं सर्चसुद्धा 2025 पासून जावास्क्रिप्ट मागतं. विकिपीडिया तेवढा नीट वाचता येतो. जी साइट छळते, तिच्यापुरतीच बंद करा.

संगणकावर क्रोम

1. ती साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडे दोन सरकत्या पट्ट्यांचं चिन्ह असतं (2023 पर्यंत तिथे कुलूप असायचं). त्यावर क्लिक करा.
2. 'साइट सेटिंग्ज' निवडा. नव्या टॅबमध्ये कॅमेरा, माइक वगैरेंची लांबलचक यादी उघडेल.
3. यादीत जावास्क्रिप्टसमोर 'ब्लॉक' करा. चालू करायची असेल तर 'अलाउ'.
4. मूळ टॅबवर येऊन पान रीलोड करा. रीलोड केल्याशिवाय फरक दिसत नाही. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर तो मजकूर आधी कुठेतरी कॉपी करून ठेवा, बहुतेकदा तो पुसला जातो.

अशी बंदी नेमक्या त्याच पत्त्याला लागते. एकाच वर्तमानपत्राचा ई-पेपर वेगळ्या उपपत्त्यावर (साइटच्या नावाआधी आणखी एक शब्द असलेल्या पत्त्यावर) असेल, तर तिथे जावास्क्रिप्ट चालूच राहते. सगळे उपपत्ते एकदम धरायचे असतील तर तीन टिंबांच्या मेनूतून सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', जावास्क्रिप्ट असं जा. तिथे बंदीच्या यादीसमोर 'ॲड' दाबा. आधी चौकोनी कंसात तारांकन आणि टिंब टाइप करा, कंस पूर्ण करा आणि त्याला चिकटून साइटचं नाव लिहा. मध्ये जागा सोडायची नाही.

याच पानावर वर सगळ्या साइटसाठीचा पर्याय आहे. 'एनेबल जावास्क्रिप्ट'चा संदेश सगळीकडेच दिसत असेल, तर कोणीतरी हाच बदललेला असणार. तो परत 'परवानगी'वर आणा. ऑफिसच्या संगणकावर पर्याय करडा दिसत असेल आणि क्लिक होत नसेल, तर तो कंपनीने लॉक केलेला आहे. आयटीवाल्यांना सांगण्यावाचून इलाज नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये हीच व्यवस्था आहे, फक्त मेनूची मांडणी आवृत्तीगणिक बदलते. सेटिंग्जच्या शोधचौकटीत 'जावास्क्रिप्ट' इंग्रजीत टाइप करणं सोपं.

अँड्रॉइड फोनवर

क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, 'साइट सेटिंग्ज', जावास्क्रिप्ट. वरचं बटण सगळ्या साइटसाठी असतं, त्याला हात लावू नका. खालच्या 'ॲड साइट एक्सेप्शन'मध्ये नको असलेल्या साइटचा पत्ता घाला. फोन मराठीत असला तर नावं मराठीत दिसतील, क्रम तोच.

आयफोनवर

इथे साइटनिहाय सोय नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात सफारी, अगदी तळाशी 'ॲडव्हान्स्ड' आणि तिथे जावास्क्रिप्टचं बटण. जुन्या आयओएसमध्ये सफारी थेट सेटिंग्जच्या यादीतच सापडेल. बंद केलं की सफारीत सगळीकडे बंद, म्हणून काम झालं की लगेच चालू करा. आयफोनवरच्या क्रोममध्ये हा पर्यायच नाही.

फायरफॉक्स

फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पूर्वी साधी चौकट होती, 2013 साली ती काढली. आता संगणकावर पत्त्याच्या जागी इंग्रजीत 'अबाउट', मग कोलन, मग 'कॉन्फिग' असं सलग लिहून एंटर दाबा. धोक्याची सूचना येईल, ती स्वीकारा. शोधचौकटीत 'जावास्क्रिप्ट' आणि 'एनेबल्ड' हे शब्द मध्ये टिंब देऊन लिहा, शेवटी 'डी' विसरू नका. जी ओळ येईल तिच्या उजवीकडचं बाणांचं बटण दाबलं की 'ट्रू'चं 'फॉल्स' होतं. आजूबाजूच्या ओळींना मात्र हात लावू नका, तिथे चूक झाली तर ब्राउझर विचित्र वागू शकतो. साइटनिहाय ताबा हवा असेल तर 'नोस्क्रिप्ट' हे ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवा. पहिले काही दिवस प्रत्येक साइटला परवानगी देता देता वैताग येतो. नेहमीच्या साइट एकदा यादीत गेल्या की ते फारसं आड येत नाही.

आणि नुसतं बघायचंच असेल की एखादं पान जावास्क्रिप्टविना कसं दिसतं, तर संगणकावर क्रोममध्ये एफ12 दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र. 'डिसेबल जावास्क्रिप्ट' लिहून एंटर करा आणि पान रीलोड करा. ही बंदी त्या टॅबपुरतीच असते आणि एफ12 ने उघडलेली खिडकी बंद केली की उठते.