देशी वाल आणि घेवडे: परसात लावणे, वाळवणे आणि शिजवणे

वाळलेल्या दाण्यासाठी परसात वाल, पावटा किंवा घेवडा लावायचा असेल, तर सर्वांत आधी वाण आणि त्याचा हंगाम यांची सांगड घालावी. हे जुने देशी वाण आपापल्या ऋतूला घट्ट बांधलेले असतात आणि पेरणीची वेळ चुकली, तर खतपाण्याने ती उणीव भरून निघत नाही. वाल आणि पावट्याचे बहुतेक देशी वेल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलतच नाहीत. त्यामुळे जूनमध्ये लावलेला वेल दिवाळीच्या सुमारापर्यंत नुसता पाने काढत मांडवभर पसरतो आणि हा वेल वांझ निघाला असे समजून पुष्कळ जण तो ऐन फुलण्याच्या तोंडावर उपटून टाकतात. मांडव झाकण्याची हौस असेल तर जूनमध्ये लावण्यास हरकत नाही, पण दाणा हिवाळ्यातच मिळेल हे गृहीत धरावे.

कडव्या वालाची रीत वेगळी आहे. रायगड जिल्ह्यात तो भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलाव्यावर पेरतात, थंडी आणि दव यांवर तो वाढतो आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये दाणा हाती येतो. परसातही नोव्हेंबरमध्ये पेरून तो ठिबकत्या पाण्यावर सतत ओला न ठेवता माती वरून सुकल्यावरच पाणी द्यावे. वाघ्या घेवडा हा मात्र राजम्याच्या जातीचा. दाण्यावरील लालसर पट्ट्यांमुळे ओळखला जाणारा हा वाण सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा असून त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. घाटावर तो पावसाच्या सुरुवातीला पेरावा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी पावसाळा टळू द्यावा आणि ऑक्टोबरअखेर पेरणी करावी, कारण उष्ण, दमट हवेत त्याची फुले गळतात.

बियाणे मिळवण्यासाठी पाकिटांच्या दुकानापेक्षा आठवडी बाजारात स्वतःच्या शेतातील माल घेऊन बसलेल्या बाईकडे आधी जावे, कारण दाणा कुठला, किती जुना आणि वेल किती उंच जातो हे ती सांगू शकते. घेवडा या एका नावाखाली निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी झाडे विकली जातात, तेव्हा नावावर न जाता दाणा हातात घेऊन पाहावा. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी. त्यांनी राखलेल्या देशी बियाण्यांत वालाचे अनेक वाण आहेत. किराणा दुकानातील अख्खे वालही उगवतात, पण त्यांचे वय कळत नाही. म्हणून वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाहावेत आणि पंधरा-सोळांना मोड आले तरच पुढे जावे.

दिवसातून किमान सहा तास ऊन लागेल अशी जागा निवडावी. दाणा तीन ते चार सेंटिमीटर खोल पेरावा. मांडवावर चढणाऱ्या वेलांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे, तर कडव्या वालाच्या दोन ओळींत 30 आणि दोन रोपांत 15 सेंटिमीटर पुरतात. वाघ्या घेवडा कुंडीतही येतो, मात्र कुंडी पंधरा-वीस लिटरची असावी आणि वाण थोडा वेलावणारा निघाल्यास काठीचा आधार द्यावा. पेरणीपूर्वी मूठभर जुने शेणखत पुरे. या पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र झाडाला मिळवून देतात, त्यामुळे युरिया टाकला की पाला माजतो आणि शेंगा मागे पडतात. मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांच्या दांड्यांवर बसतो. तो दिसताच सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावा आणि तरीही हटला नाही तर निंबोळी अर्क फवारावा. ढालकिडे (लेडीबर्ड) आलेले असतील तर दोन दिवस हात आवरावा, कारण त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात.

खरे कौशल्य बियाणे निवडण्यात आहे आणि ते काम पहिली भाजी तोडण्यापूर्वी करायचे असते. पुष्कळ घरांत कोवळ्या शेंगा भाजीत जातात, भरलेले ओले दाणे उसळीत किंवा पोपटीत जातात आणि हंगामाअखेर वेलावर उरलेल्या चारदोन किडक्या, आखूड शेंगा बियाण्यासाठी ठेवल्या जातात. असे वर्षानुवर्षे केले की वेल उशिरा फुलू लागतो आणि दाणा बारीक होत जातो, आणि दोष मात्र वाणाला दिला जातो. म्हणून शेंगा लागू लागताच जोमदार, निरोगी वेल हेरून त्यांच्या पहिल्या बहरातील चांगल्या शेंगांना लाल दोरा बांधावा आणि त्या शेंगांना घरातील कोणीही हात लावणार नाही असे ठरवून टाकावे. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके पडून ती आक्रसलेली असतील तर तो वेल बियाण्यासाठी घेऊ नये, कारण मोझॅक या रोगाचे काही विषाणू बियांमधून पुढच्या पिढीत जातात. बी एकाच वेलाचे न घेता शक्य तितक्या वेलांचे एकत्र करावे. राजम्याच्या जातीत परागीभवन बहुधा फुलातल्या फुलात होते, पण वालाच्या फुलांवर भुंगे-मधमाश्या येतात आणि थोडा संकर होतो. एका परसात दोन प्रकारचे वाल असतील तर ते दोन टोकांना लावावेत.

शेंग वेलावरच वाळू द्यावी. हलवल्यावर आत दाणे खुळखुळू लागले की ती काढावी, आणि अवकाळी पावसाची चिन्हे असतील तर वेल मुळासकट उपटून पडवीत उलटा टांगावा. सोललेले दाणे काही दिवस सावलीत आणि मग सकाळच्या उन्हात वाळवावेत. दाणा दाताखाली धरून दाबावा. त्यावर दाताची खूण उमटली तर ओल शिल्लक आहे, आणि टणक राहून खूण उमटलीच नाही तर तो साठवणीस तयार आहे. भुंगेरे पुष्कळदा शेतातच शेंगेवर अंडी घालतात, त्यामुळे स्वच्छ डब्यातही दोन महिन्यांनी दाण्याला भोके पडलेली आढळतात. यावर चुलीच्या चाळलेल्या राखेत दाणे मिसळणे किंवा त्यांना एरंडेलाचा हात फिरवणे हे जुने उपाय आहेत. फ्रीझर असेल त्याने नीट वाळलेले दाणे हवाबंद बरणीत घालून आठवडाभर आत ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर बरणीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते. बरणीवर वाण, गाव आणि वर्ष लिहावे.

कडवे वाल शिजवण्यापेक्षा सोलण्यातच वेळ जातो. ते रात्रभर भिजवून पाणी टाकून द्यावे, ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवावे आणि साधारण दुसऱ्या दिवशी बारीक मोड दिसले की कोमट पाण्यात घालावेत. साल फुगून सैल होते आणि टोकाशी चिमटीत दाबताच डाळिंबी, म्हणजे सोललेला दाणा, सुटून बाहेर येते. मोड फार लांबू दिले तर ते सोलताना तुटतात आणि डाळिंब्या दुभंगतात. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीलिंब यांची फोडणी करून त्यात डाळिंब्या हलक्या हाताने परताव्यात, गरम पाणी बेताने घालावे आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवाव्यात. ढवळण्याऐवजी पातेले धरून हिसडावे. आमसूल आणि गूळ दाणा बोटाने चेपला जाईल इतका मऊ झाल्यावरच घालावे, कारण आंबट आधी पडले की डाळिंबी कणीदार राहते. शेवटी गोडा मसाला, ओले खोबरे आणि कोथिंबीर घालावी. थोडा कडवटपणा उरतोच, आणि तो गुळाने पुरता बुजवणे मला तरी पटत नाही.

वाघ्या घेवड्याच्या बाबतीत एक गोष्ट जिभेची नसून प्रकृतीची आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात लेक्टिन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे थोड्याशा दाण्यांनीही जोरदार उलट्या आणि जुलाब होतात. दाणे रात्रभर भिजवावेत, ते पाणी फेकावे, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावेत आणि मग कुकरमध्ये मऊ शिजवावेत. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्याने हे द्रव्य नष्ट होईलच असे नाही. त्यानंतर कांदा परतून कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याचे कूट घालून रस्सा करावा, आणि पळीभर दाणे ठेचून त्यातच मिसळावेत, म्हणजे रस्सा आपोआप दाट होतो. हा रस्सा बाजरीच्या भाकरीबरोबर खावा.