फॉरेनच्या युनिव्हर्सिटींशी टाय-अपचं प्लॅनिंग आपल्या युनिव्हर्सिटीच्या स्टाफला शिकवायचंय? मग हे बघा

कोल्हापुरात युनिव्हर्सिटी १९६२ पासून आहे, पण इंटरनॅशनल म्हटलं की अजून बऱ्याच जणांना फक्त एमओयू (सामंजस्य करार) आणि फोटोच आठवतो. ट्रेनिंगला नुसते प्राध्यापक बोलवू नका, परीक्षा विभाग, अकाउंट, हॉस्टेलवालेबी पायजेत, कारण बाहेरचा पोरगा आला की पहिला त्यांच्याच खिडकीवर जातोय. आधी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम समजवा, ट्विनिंगमध्ये (डिग्री इथलीच, थोडं शिक्षण परदेशात) परदेशातले क्रेडिट (शिकलेल्या अभ्यासाचं माप) ३० टक्क्यांच्या वर चालत नाहीत, जॉइंट डिग्रीत (दोन्ही युनिव्हर्सिटींची मिळून एक डिग्री) दोन्हीकडचे किमान ३०-३० टक्के लागतात. मग गट पाडून प्रत्येकाकडून एकच पान लिहून घ्या: कुठला विभाग, कुठला देश, खर्च कुणाचा, जबाबदारी कुणाची. भाषणं कमी ठेवा राव, जेवणात तांबडा-पांढरा असला की दुपारी सगळे पेंगतात.