छुपा खलनायक हुडकताना: सायन्स फिक्शन मालिकेची थिअरी पक्की कशी बांधायची

सांगली-मिरजेत चार-सहा जणांनी शनिवारी रात्री एकत्र बसून मालिका बघायची म्हटलं, की भडंगाची परात संपायच्या आत एक वाद हमखास सुरू होतो: या सगळ्यामागं नेमकं कोण आहे? वाद रंगतो, पण त्यातून निघालेल्या बहुतेक थिअऱ्या पुढच्या दोन-तीन भागांत कोसळतात. आधी संशयित ठरवायचा आणि मग त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करायचे, असा उलटा कारभार झालेला असतो. म्हणून इथं क्रम बदलला आहे. आधी मालिकेच्या जगाचे नियम, मग कोणाला काय कधी कळलं, आणि नाव सगळ्यात शेवटी.

एक सूचना आधीच. उदाहरणांसाठी ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन, ‘डॉक्टर हू’चा २००७चा सीझन, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, ‘डार्क’ आणि ‘वांडाव्हिजन’ यांतली रहस्यं इथं उघडी केली आहेत. यातली एखादी बघायची राहिली असेल, तर आधी ती बघा.

तयारी

२०० पानी वही घ्या. मोबाइलवरच्या नोंदी पुढंमागं ढकलता येतात, खोडून बदलता येतात, आणि थिअरीचं वाटोळं नेमकं तिथंच होतं. वहीत पेनानं लिहायचं, तारीख घालायची, चुकलं तर एक रेघ मारायची आणि खालचं वाचता येईल असं ठेवायचं. गावभागात किंवा कर्नाळ रोडला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पानांचे फोटो वेळच्या वेळी काढून ठेवावेत. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की वहीकडं लक्ष द्यायला कुणाला सवड नसते.

भाग दोनदा बघायचा. पहिल्यांदा न थांबवता, वही मिटून. दुसऱ्यांदा थांबवत, सबटायटल लावून. पन्नास मिनिटांच्या भागाला दुसऱ्या खेपेला दोन-अडीच तास लागतात, तेव्हा एका बैठकीत एकच भाग धरा. खोलीत अंधार हवा आणि चित्राचा दर्जा शक्य तितका वरचा. डेटा वाचवायला दर्जा खाली आणला की काळोख्या प्रसंगांत चौकोनी डाग पडतात, आणि त्या डागांत लोकांना चेहरे दिसायला लागतात. मागच्या खिडकीत कुणीतरी उभं आहे, असा शोध लागला की आधी तोच प्रसंग चांगल्या दर्जात बघा. बऱ्याच वेळा तिथं पडदा निघतो.

आवाज मूळ भाषेतलाच ठेवा. हिंदी डबिंगमध्ये क्रियापदाला बऱ्याचदा लिंग लावावं लागतं. मूळ संवादात ‘तो येतोय’ की ‘ती येतेय’ हे मुद्दाम झाकलेलं असेल, तर डबिंगमध्ये ते फुटतं किंवा चुकीच्या दिशेला नेतं. कर्णबधिरांसाठीची सबटायटल लावली असतील तर आणखी जपून. अंधारातून नुसता आवाज येत असताना तिथं कधीकधी बोलणाऱ्याचं नावच छापलेलं असतं. असं नाव दिसलं तर ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, पुराव्यांत घेऊ नका.

जगाचे नियम आधी

साध्या रहस्यकथेत गुन्हेगार माणसांच्या गर्दीत लपतो. सायन्स फिक्शनमध्ये तो एखाद्या यंत्राच्या किंवा तंत्राच्या नियमामागं लपतो. म्हणून वहीची पहिली दहा पानं फक्त नियमांसाठी राखून ठेवा. मालिकेत नवं तंत्र समजावून सांगितलं, की त्याच दिवशी तीन गोष्टी लिहायच्या: ते काय करतं, त्याला काय जमत नाही, आणि ते वापरून एखादा माणूस काय झाकू शकेल.

‘डॉक्टर हू’मध्ये मे २००७च्या एका भागात खिशातल्या घड्याळाचा नियम आला. परग्रहावरचा टाइम लॉर्ड आपली खरी ओळख त्या घड्याळात बंद करून साधा माणूस म्हणून जगू शकतो, आणि त्या माणसाला स्वतःलाच ते माहीत नसतं. तीन भागांनंतर, जूनमध्ये, प्राध्यापक याना नावाच्या भल्या म्हाताऱ्याच्या हातात तसंच घड्याळ दिसलं. तोच डॉक्टरचा जुना वैरी ‘मास्टर’ निघाला. ज्यानं मे महिन्यात तो नियम लिहून ठेवला होता, त्याला जूनमध्ये घड्याळ दिसताच पुढचं कळणार. शिवाय त्याच सीझनच्या तिसऱ्या भागात मरता मरता एका पात्रानं डॉक्टरला चार इंग्रजी शब्द सांगितले होते, ‘यू आर नॉट अलोन’, म्हणजे ‘तू एकटा नाहीस’. त्यांची आद्याक्षरं जोडली की याना हे नाव तयार होतं.

यंत्रमानवांच्या करमणूक उद्यानात घडणाऱ्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये नियम आणखी साधा होता: यंत्रमानवांचं वय वाढत नाही. डोलोरेस ही यंत्रमानव तीस वर्षांपूर्वीही तशीच दिसणार आणि आजही तशीच. मग तिच्यासोबतचे प्रसंग एकाच काळातले आहेत, असं बघणाऱ्यानं का धरावं? ऑक्टोबर २०१६मध्ये दुसरा भाग दाखवल्यावर लगेच काही प्रेक्षकांनी हा प्रश्न विचारला, आणि उद्यानाचं बोधचिन्ह दोन ठिकाणी वेगळं आहे हेही हेरलं. सज्जन विल्यम आणि क्रूर काळ्या कपड्यातला माणूस हे दोघं एकच, फक्त वेगवेगळ्या काळातले, ही थिअरी त्यातून निघाली. ती डिसेंबरमध्ये शेवटच्या, दहाव्या भागात खरी ठरली. तिची ताकद कशात होती ते बघा: जगाचा एक नियम, पडद्यावर दिसणारी एक वस्तू, आणि दोन पात्रं एकाही प्रसंगात एकत्र न येणं. विल्यमचा चेहरा खुनशी वाटतो, असला मुद्दा त्यात कुठंच नव्हता.

काळप्रवास असेल तर शरीरावरच्या खुणांसाठी वेगळं पान करा. वण, तीळ, तुटलेला कान, लंगडणं, डावखुरेपणा. ‘डार्क’मध्ये एकच माणूस तीन वयांत तीन वेगळे नट साकारतात, त्यामुळं चेहऱ्याचा उपयोग नाही. तिथं गळ्यावरचा दोराचा वण कामाला येतो. क्रूर, विद्रूप अॅडम म्हणजे कथेचा नायक योनासच, म्हातारपणीचा, हे २०१९च्या दुसऱ्या सीझनमध्ये उघड झालं.

कोणाला काय कधी कळलं

हे सगळ्यात किचकट काम आहे आणि सगळ्यात जास्त फळ यातूनच मिळतं. पान आडवं धरून पाच रकाने आखा: भाग आणि मिनिट, पात्र, त्याला काय माहीत आहे असं दिसलं, ते त्याला कुठून कळलं, आणि त्या वेळी समोर कोण होतं. प्रत्येक भागात संशयाच्या कक्षेत येणाऱ्या पाच पात्रांपलीकडं जाऊ नका, नाहीतर तक्ता भरून होत नाही.

छुपा खलनायक बहुतेक वेळा चौथ्या रकान्यात सापडतो. त्याला एखादी गोष्ट माहीत असते, आणि ती कुठून कळली याची जागा कोरी राहते. एका पात्रापुढं अशा तीन कोऱ्या जागा जमल्या, की ते नाव गोल करा. एक कोरी जागा लेखकाच्या घाईमुळंही राहू शकते, तीन सहसा राहत नाहीत.

याच तक्त्यात ‘काय दिसलं नाही’ हेही भरायचं. ‘वेस्टवर्ल्ड’च्या सातव्या भागात बर्नार्डसोबतची बाई समोरच्या दाराबद्दल विचारते, आणि तो विचारतो, कुठलं दार? यंत्रमानवांना जे दाखवायचं नाही ते त्यांना दिसतच नाही, हा नियम पहिल्या भागापासून पुढं होता. माणूस समजला जाणारा बर्नार्ड यंत्रमानव आहे हे त्या एका प्रश्नात आलं, आणि भाग संपायच्या आत उघडही झालं.

पाचवा रकाना लोक वगळतात आणि तिथंच फसतात. समोर कुणी असताना संशयित घाबरला, रडला, निर्दोष वाटला, तर त्याला शून्य गुण. तो समोरच्यासाठी नाटक करत असू शकतो. तोच माणूस खोलीत पूर्ण एकटा असताना तसा वागला, तर मात्र तो पुरावा आहे, कारण तिथं फसवायला प्रेक्षकाशिवाय कुणी उरत नाही, आणि प्रामाणिक लेखक प्रेक्षकाला असं थेट फसवत नाही. ‘वांडाव्हिजन’च्या सहाव्या भागात वांडानं जादूनं ताब्यात ठेवलेल्या गावातली तिची शेजारीण अॅग्नेस वेशीवर गाडीत बधिर होऊन बसलेली सापडते आणि वांडाच्या नवऱ्यापुढं, व्हिजनपुढं, भेदरून बोलते. बिचारी तीही अडकलेलीच आहे, असं पुष्कळांनी धरलं. पण समोर व्हिजन होता. पुढच्याच भागात, १९ फेब्रुवारी २०२१ला, ती अॅगाथा हार्कनेस नावाची चेटकीण निघाली.

सांगलीत नाटकाची परंपरा १८४३ला विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’पासूनची. गटात कुणी हौशी रंगमंचावर पडद्यामागचं काम केलेलं असेल, तर हा तक्ता त्याच्याकडं द्या. कोण कुठून आलं, कुणासमोर बोललं, कधी बाहेर गेलं याची नोंद ठेवायची सवय त्या माणसाला आधीच असते.

पुराव्याचं वजन

गोष्टीच्या आत घडलेलं, पडद्यावर दिसलेलं किंवा ऐकू आलेलं: तीन गुण. त्याच मालिकेच्या मांडणीतून येणारं, म्हणजे रंग, संगीत, कॅमेरा कुठं रेंगाळतो ते: दोन गुण. बाहेरचं सगळं, म्हणजे मूळ कॉमिक, मोठ्या नटाला दिलेली छोटी भूमिका, मुलाखती, ट्रेलर: एक गुण, आणि सगळं मिळून तीन गुणांच्या वर नाही. ट्रेलर तर गोंधळ उडवण्यासाठीच कापलेले असतात. दोन वेगळ्या प्रसंगांतले शॉट शेजारी ठेवून नसलेली भेट तयार करता येते.

ही मर्यादा का, ते ‘वांडाव्हिजन’च्या वेळी दिसलं. कॉमिकमध्ये वांडाच्या जुळ्यांचा संबंध मेफिस्टो या सैतानाशी आहे. तेवढ्यावर खऱ्या खलनायकाचं नाव मेफिस्टोच, असं जगभर ठरून गेलं. सैतानाचा प्रत्येक उल्लेख, अॅग्नेसचा कधीच न दिसणारा नवरा राल्फ, सगळं त्याच खुंटीला टांगलं गेलं. नऊ भाग ५ मार्चला संपले, मेफिस्टो आलाच नाही. अॅग्नेस हवी तेव्हा नेमकी दारात कशी येते, हा गोष्टीच्या आतला पुरावा मात्र सुरुवातीपासून समोर होता.

अक्षरांच्या कोड्यांनाही एकच गुण द्या. बर्नार्ड लोव या नावाची इंग्रजी अक्षरं फिरवली की आर्नल्ड वेबर हे उद्यानाच्या मेलेल्या सहसंस्थापकाचं नाव मिळतं, आणि बर्नार्ड त्याचीच यांत्रिक नक्कल निघाला. पण पुरेशी नावं घेऊन बसलं की काही ना काही जुळतंच. आधी दुसरा पुरावा हवा, मग कोडं.

चूक आणि खूण यांत फरक करायला तीन प्रश्न पुरतात. कॅमेरा तिथं मुद्दाम थांबला का? तीच गोष्ट दुसऱ्या भागात पुन्हा आली का? कुणाच्या बोलण्यात तिचा उल्लेख झाला का? तीनपैकी दोन होकार असतील तरच नोंद घ्या. दोन शॉटच्या मधे कपातला चहा वाढला असेल, तर ती चित्रीकरणातली गफलत समजून पुढं जा.

लेखकानं ठरवलं तरी कधी?

ही तपासणी फार थोडे लोक करतात. खलनायक पहिल्या दिवसापासून ठरलेला असेल तर पहिल्या भागातली खूण मोलाची. मधेच ठरला असेल तर आधीच्या खुणा योगायोग आहेत. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये माणसांत मिसळलेल्या सायलॉनची, म्हणजे माणसासारख्या यंत्रमानवांची, बारा रूपं आहेत, असं सुरुवातीला सांगितलं गेलं, पण शेवटची पाच कोण हे लेखकांनी बरंच पुढं गेल्यावर ठरवलं. चौघं मार्च २००७ला उघड झाले, पाचवी एलन जानेवारी २००९ला. आकड्यांचीही ओढाताण झाली. आधी माहीत असलेली सात रूपं एक ते सहा आणि आठ अशी होती, सात नंबर रिकामा. तो भरायला डॅनियल नावाच्या, कधीच न दिसलेल्या रूपाची कथा जोडली गेली. प्रेक्षकांनी त्या डॅनियलवर मोठमोठ्या थिअऱ्या उभ्या केल्या, त्यातून काहीच निघालं नाही.

तेव्हा मालिकेचे किती सीझन आधीपासून ठरले होते, ते शोधा. तीन सीझनचा आराखडा आधीच असेल तर जुन्या खुणांना पूर्ण गुण द्या. दर वर्षी नव्यानं मंजुरी मिळत असेल तर चालू सीझनच्या खुणांना पूर्ण आणि मागच्यांना निम्मे.

शिक्कामोर्तब

आता नाव लिहा. एका पानावर एकच थिअरी, तीन वाक्यांत: कोण, कशासाठी, जगाच्या कुठल्या नियमाचा आधार घेऊन. खाली तीन भाकितं, प्रत्येकासमोर कितव्या भागापर्यंत ते घडायला हवं तो आकडा. आणि एक ओळ सगळ्यात महत्त्वाची: काय दिसलं तर ही थिअरी सोडून द्यायची. ही ओळ सुचत नसेल तर पान फाडा, कारण जिला काहीच खोटं पाडू शकत नाही ती थिअरी कशालाही चिकटते.

तारीख, सही, फोटो, आणि गटावर पाठवणं नवा भाग यायच्या आत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीला येणारा भाग आपल्याकडं दुपारी साडेबाराला येतो, तिकडची उन्हाळी वेळ संपल्यावर दीडला. म्हणजे कॉलेज किंवा ऑफिस चालू असताना. त्यामुळं पान आदल्या रात्रीच पाठवा, आणि सगळ्यांनी बघेपर्यंत गटावर भागाबद्दल एक अक्षरही नको, इमोजीसुद्धा नको. रडका चेहरा आला की कुणीतरी मेलं, हे सगळ्यांना कळतं.

रहस्य फुटल्यावर पहिले दोन भाग पुन्हा बघा, या वेळी खलनायकाच्या बाजूनं. त्याचा प्रत्येक प्रसंग घ्या आणि विचारा, हे माहीत असणारा माणूस असाच वागला असता का? जिथं उत्तर नाही असं येईल तिथं लाल पेनानं खूण करा. ‘बॅटलस्टार’मधला टायरॉल सायलॉन निघाल्यावर त्याच्या मुलाचा प्रश्न उभा राहिला, कारण माणूस आणि सायलॉन यांचं एकच मूल असल्याचं कथेनं आधी सांगितलं होतं. मग २००९मध्ये त्या मुलाचा बाप दुसराच दाखवावा लागला. अशा लाल खुणा एका मालिकेत पाच-सहाच्या वर गेल्या, तर त्या लेखकांच्या पुढच्या मालिकेत जुन्या खुणांना सरळ निम्मेच गुण द्या.