पाला, मावशी आणि आम्ही: कॉलेजात पर्यावरणाचं काम सुरू करताना

कॉलेजात पर्यावरणाचं काम करायचं म्हटलं की पहिल्या बैठकीत तीन गोष्टी ठरतात: गटाचं नाव, लोगो आणि वृक्षारोपणाची तारीख. आमचंही तसंच झालं. नाव ठरवण्यात दोन तास गेले आणि आता ते मलाच धड आठवत नाही.

मी नाशिकमध्ये बीएस्सी केलं. त्यातली अडीच वर्षं एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलामुलींबरोबर पाल्याचं खत करायच्या खड्ड्यापाशी गेली. यंदा तुम्ही असं काही सुरू करणार असाल, तर आमच्या चुका आधीच ऐकून घ्या. म्हणजे नव्या करायला तुम्हाला वेळ मिळेल.

आमच्या आवारात मोठी झाडं भरपूर, त्यामुळे डिसेंबर ते मार्च पाल्याचा नुसता सडा. झाडणाऱ्या मावशी सकाळी ढीग करून काडी लावायच्या. पहिल्या तासाला वर्गात धूर यायचा. मी हुशारी केली. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली, दंड ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये, असा मजकूर छापून कागद ढिगाजवळच्या भिंतीवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी मावशी मला शोधत आल्या. "पोरी, हे पाच हजार माझ्या पगारातून कापणार का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कागद मी त्यांच्यासमोरच काढला. मग पायरीवर बसून, आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं. त्या म्हणाल्या, आठच्या आत आवार स्वच्छ दिसलं पाहिजे. घंटागाडीवाले एवढा पाला घेत नाहीत. आणि भरून ठेवायला पोती कोण देतं? आम्ही जनजागृतीची फेरी काढणार होतो. गरज निघाली वीस पोत्यांची.

पोती कॅन्टीनमधून मिळाली, तांदळाची रिकामी. ठरलं असं की मावशींनी पाला फक्त पोत्यात भरायचा आणि मधल्या सुट्टीत आम्ही तो वाहून न्यायचा. खड्डा आधी आम्ही मैदानाच्या टोकाला खणला होता, फोटोत छान दिसेल म्हणून. तिथवर पोती ओढून चार दिवसांत सगळ्यांचा उत्साह मावळला. दुसरा खड्डा सायकल स्टँडच्या मागे घेतला. जागा निवडताना देखावा बघू नका, पोतं उचलून चालून बघा.

आता खताचं. पहिले दोन महिने ढीग जसाच्या तसा. कारण साधं होतं, पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो. वाळक्या पाल्यात कार्बनच फार. म्हणून कॅन्टीनचा भाजीकचरा घालायला लागलो, तर तो इतका घातला की वास सुटला, माश्या झाल्या आणि ऑफिसमधून बोलावणं आलं. शेवटी निफाडची एक मैत्रीण धावून आली. तिच्या घरी द्राक्षबाग, शेणाची सवय लहानपणापासून. तिने शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, करून आणला आणि थर लावायला शिकवलं: वीतभर पाला, वर थोडा ओला कचरा, मग शेणकाला, पुन्हा पाला. ओला कचरा कधीही उघडा दिसता कामा नये. ओल बघायची तर मूठभर घेऊन पिळायचं. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर कोरडा पाला वाढवायचा. आठ-दहा दिवसांनी ढीग खालवर करायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना प्रॅक्टिकल असतं.

ढिगात एक लोखंडी गज खुपसून ठेवायचो. पाच मिनिटांनी काढून हात लावायचा. चटका बसला की आत काम सुरू आहे. चांगल्या ढिगाच्या पोटात ५० ते ६० अंश उष्णता तयार होते. तीन-साडेतीन महिन्यांत पहिलं खत चाळलं.

गणपतीत एक वेगळाच धडा मिळाला. नाशिकमध्ये विसर्जनाला विद्यार्थी गोदाकाठी उभे राहून मूर्ती आणि निर्माल्य मागून घेतात. "देव द्या, देवपण घ्या" हे शब्द तुम्हीही ऐकले असतील. आम्हीही निर्माल्य आणलं. झेंडूच्या हारांत प्लास्टिकचा दोरा, चमकी, अगरबत्तीची पाकिटं. फुलं कुजतात, दोरा जसाच्या तसा. दोन दिवस कात्री घेऊन बसलो होतो. निर्माल्य आणणार असाल तर कापणारे हात आधी मोजा.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात. जुलैत कुणीही झाड लावतं. प्रश्न मे महिन्याचा असतो, पारा चाळिशीला आणि कॉलेजला सुट्टी. पहिल्या वर्षीची बहुतेक रोपं वाळली. पुढच्या वर्षी वॉचमन मामांना विचारलं, तुम्हाला कोणतं झाड हवं? त्यांनी शेवगा आणि लिंबू सांगितलं. ती झाडं जगली, कारण शेंगा कुणाच्या घरी जाणार हे ठरलेलं होतं.

पाण्याच्या बाबतीत भाषण देऊ नका. गळक्या नळाखाली लिटरची बाटली ठेवा. आमची चाळीस मिनिटांत भरली, म्हणजे दिवसाला ३६ लिटर. एवढंच लिहून अर्ज दिला आणि प्लंबर त्याच आठवड्यात आला. अर्जात आकडा असला की ऑफिस हलतं, हा माझा अनुभव.

कागदपत्रांना नाक मुरडू नका. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. तिच्या मूल्यांकनात कचरा, पाणी, ऊर्जा यांची नोंद लागते, त्यामुळे तुमची वजनाची वही कॉलेजला हवीच असते. ती दाखवून आम्ही फावडी आणि चाळणी मिळवली. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतात, त्यात पोती वाहण्याचे तास धरायला सांगा. नाहीतर फक्त भाषणं ऐकल्याचे तास भरतात.

शेवटच्या वर्षाच्या मुलांवर काम सोपवू नका. आम्ही जानेवारीतच दुसऱ्या वर्षाच्या मुलींना वही आणि गज देऊन टाकला, म्हणजे चुकल्या तर विचारायला आम्ही होतो. मागच्या थंडीत त्यांच्यातल्या एकीचा सकाळी सातला फोन आला. आवाज घाबरलेला.

"ताई, ढिगातून वाफ येतेय. पेटला तर नाही ना? मावशी म्हणतात, मी काडी लावलेली नाही हं!"

म्हटलं, गज काढ आणि हात लावून बघ.