‘निकाल लागल्यावर बघूत’ : दहावी-बारावीच्या लेकरांनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

आमच्याकडं अवघड प्रश्नाला एक तयार उत्तर असतं, ‘बघूत’. पाऊस लांबला तर बघूत, सोयाबीनचा भाव पडला तर बघूत. पाऊस आणि भाव आपल्या हातात नाहीत, म्हणून तिथं ते चालून जातं. लेकराच्या पुढच्या शिक्षणाला तेच उत्तर लावलं की काय होतं, हे मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये बघतो. गुण कमी पडले म्हणून मागं राहिलेली लेकरं असतातच. पण गुण हातात असून तारखेला कागद नाही, नावात फरक आहे, अर्ज भलत्याच माणसानं भरलाय, अशा कारणांनी अडकलेली लेकरं बघवत नाहीत. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कागद शेवटी काढायचे

एका तांड्यावरची मुलगी. बारावी सायन्स, सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) चांगले पर्सेंटाईल. वडील ऊसतोडीला, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत कारखान्यावरच. एप्रिलमध्ये गावी आले, मे महिना लग्नसराईत गेला आणि जूनमध्ये दोघं माझ्याकडं आले. वडिलांच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. तिच्यातून रेशनकार्ड, आधार, मुलीचा जातीचा दाखला आणि विजेचं बिल निघालं. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, नव्हतीच. “जातीचा दाखला तर हाय की सर,” ते म्हणाले.

इथंच बहुतेकांची गफलत होते. जातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी. व्हॅलिडिटी जिल्ह्याची जात पडताळणी समिती देते आणि तिला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीची नोंद किंवा वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर शोध लांबतो. या मुलीच्या चुलत आजोबांचं नाव शेजारच्या गावच्या शाळेत सापडलं, तेही तिसऱ्या दिवशी. जनरल रजिस्टरचं पान चहाच्या रंगाचं झालेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, जातीचा रकाना मात्र शाबूत. नोंद मिळाली, पण वेळ निघून गेली होती. त्या वर्षी तिला खुल्या प्रवर्गातून जे मिळालं ते घ्यावं लागलं.

हा शोध अकरावीतच सुरू करा. दिवाळीच्या सुट्टीत आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांपैकी कोण कोणत्या शाळेत होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढा. नात्यातल्या वडिलांकडच्या कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती मोठा आधार ठरते, तेव्हा आधी तीच विचारा. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या काही नोंदी उर्दूत आहेत, काही मोडीत. अशा नोंदीचं भाषांतर करून घेण्यातच काही आठवडे जातात.

ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसीच्या (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गाच्या) लेकरांना नॉन-क्रिमिलेअरही, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्रही, लागतं. आधी तहसीलचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, मग त्यावर प्रांत कार्यालयाचं प्रमाणपत्र. क्रम उलटा करता येत नाही. मुदत बघून घ्या, कारण ते ३१ मार्चला संपतं आणि मागच्या वर्षीचं जूनमध्ये चालेलच असं नाही. परीक्षा संपली की पहिलं काम हेच. जूनमध्ये सेतू केंद्रावर निम्मा तालुका उभा असतो.

उशीर झालाच असेल तर हात टेकू नका. त्याच दिवशी अर्ज करा आणि पावती घ्या. सीईटी घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेश नोंदणीत अर्जाची पावती जोडून पुढं जाता येतं. मूळ प्रमाणपत्र मात्र ठरलेल्या तारखेला द्यावंच लागतं, नाहीतर जागा खुल्या प्रवर्गात मोजली जाते. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही तारीख असते. ती स्वतः वाचा, ‘मित्रानं सांगितलं’ यावर राहू नका.

नावातला एक काना

आधारवर ‘ज्ञानेश्वर’, टीसीवर ‘ज्ञानोबा’, बँकेत ‘डी. के.’. एकच मुलगा, तीन माणसं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, इथंच अडतो. लेकरू शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधली चूक मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करणं सोपं असतं. शाळा सोडल्यावर तेच काम फार जड जातं. म्हणून नववीतच आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. बँक खातं आधारला जोडलंय का, हेही त्याच दिवशी विचारा. मंजूर झालेली रक्कम निव्वळ यासाठी अडकलेली मी बघितली आहे.

टक्के बघून शाखा

ही चूक माझ्या हातून झाली आहे. एक मुलगा, दहावीला ८६ टक्के. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं. घरी मोटार रिवाइंडिंग करायचा, जळालेल्या मोटारीचा वास घेऊन कुठं शॉर्ट झालंय ते सांगायचा. वडिलांनी मला विचारलं आणि मी म्हणालो, “एवढे गुण आहेत, सायन्सला टाका, लातूरला क्लासला पाठवा.” दिवाळीत तो परत आला तो गेलाच नाही. तोंडातून शब्द निघेना. पुढच्या वर्षी त्यानं डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि रमला. त्याचं एक वर्ष मात्र माझ्या एका वाक्यानं गेलं. तेव्हापासून मी टक्के विचारण्याआधी ‘रिकाम्या वेळात काय करतोस’ हे विचारतो.

दहावीनंतरच्या पॉलिटेक्निकला सीईटी लागत नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो. तीन वर्षांनी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. आमच्याकडं याला अजून ‘कमी गुणवाल्यांचा रस्ता’ समजतात आणि ही समजूत साफ चुकीची आहे.

दुसरी अडचण अशी की, घरात डॉक्टर-इंजिनिअरपलीकडं नावंच ठाऊक नसतात. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उंबऱ्यावर आहे, पण बीएस्सी कृषीला सीईटी लागते हे बारावीच्या मार्चमध्ये कळणारी मुलं आहेत. जालन्यात रसायन तंत्रज्ञान संस्थेचं मराठवाडा केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर संभाजीनगरची सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी) घडवते. तिथला अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. बारावीत कळून उपयोग नाही. घरात आठवीचं लेकरू असेल आणि ते जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं शाळेत विचारा. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी महिना हजार रुपये मिळतात. त्यात लेकराचा वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो.

शाखा कशी ठरवायची? दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घ्या. फिजिक्सचा एक धडा, अर्थशास्त्राचा एक, इतिहासाचा एक. प्रत्येकाला चार दिवस द्या. समजलं किती याला महत्त्व नाही. पाचव्या दिवशी कोणतं पुस्तक आपण होऊन उघडलं, ते बघा.

मराठीतून थेट इंग्रजीत उडी

अकरावी सायन्सला आलेलं हुशार लेकरू दोन महिन्यांत गप्प होतं, तेव्हा घरचे म्हणतात मोबाइलनं बिघडलं. कधी तेही खरं असतं. पण बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. दहावीपर्यंत तो ‘त्वरण’, ‘संयुजा’, ‘पेशी’ शिकलेला असतो आणि इथं फळ्यावर ‘ॲक्सिलरेशन’, ‘व्हॅलन्सी’, ‘सेल’. विषय येत असतो, शब्द येत नसतो. वर्गात हात वर केला तर वाक्य अडखळेल म्हणून तो हातच वर करत नाही. हळूहळू त्यालाच वाटू लागतं की आपल्याला डोकं नाही.

यावर मी एक करायला लावतो. दोनशे पानी वही, पानाच्या मध्ये उभी रेघ. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ. रोज दहा शब्द, त्याहून जास्त नाही. एका मुलीनं ‘इनर्शिया’समोर लिहिलं होतं, ‘एसटीनं ब्रेक मारला की आपण पुढं आदळतो ते’. ही ओळ तिची होती म्हणून ती कधी विसरली नाही. गणेशोत्सवापर्यंत चारशेएक शब्द होतात आणि वर्गातलं बोलणं कानाला ओळखीचं वाटू लागतं. यात लाज कसली? जे घरात कधी ऐकलंच नाही ते नव्यानं शिकावं लागणारच.

नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) आणि जेईई मेन (इंजिनिअरिंगची) मराठीतूनही देता येतात. पण हे अर्ज भरताना भावनेवर ठरवू नका. दोन वर्षं इंग्रजीतून प्रश्न सोडवले असतील तर मराठी संज्ञा परीक्षेत परक्या वाटतात. नीटला मराठी निवडलं तरी प्रश्न इंग्रजीतही छापलेले असतात आणि भाषांतरावरून वाद झाला तर इंग्रजी मजकूर अंतिम मानतात. जुनी मराठी प्रश्नपत्रिका घरी एकदा घड्याळ लावून सोडवा, मग ठरवा.

अकरावी म्हणजे विश्रांती

नाही. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावी दोन्हींचा. राज्याच्या सीईटीतसुद्धा सुमारे २० टक्के भार अकरावीवर असतो.

तास मोजायचे, चुका नाही

“रोज बारा तास बसतो सर,” असं सांगणाऱ्या मुलाच्या चाचणीचा पेपर मी मागून घेतो. चुकलेल्या प्रश्नांसमोर तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगतो : ‘न’ म्हणजे माहीतच नव्हतं, ‘घ’ म्हणजे घाईत चुकलं, ‘अ’ म्हणजे अंदाज मारला. एका पेपरात एका मुलाचे एकोणीस प्रश्न चुकले होते आणि त्यातले अकरा ‘घ’ निघाले. त्यानं प्रश्नातला ‘नाही’ हा शब्दच वाचला नव्हता, एकदा नव्हे, चारदा. त्याला आणखी तासांची गरज नव्हती. प्रश्नाखाली बोट ठेवून वाचायची सवय लागायला हवी होती. नीटला बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, त्यामुळं ‘अ’ ही सवय फार महाग पडते. राज्याच्या सीईटीत वजा गुण नाहीत, तिथं एकही प्रश्न कोरा सोडू नये. दोन्ही परीक्षा एकाच पद्धतीनं देणारी मुलं दोन्हीकडं नुकसान करून घेतात.

लातूर-नांदेडला खोली घेऊन राहणाऱ्यांना एवढंच सांगेन की मेसचं जेवण आणि झोप सोडून अभ्यास होत नाही. घरच्यांनी फोनवर आधी ‘जेवलास का’ विचारावं, ‘किती पडले’ नंतर.

रिपीट करायचं का?

एक वर्ष, आणि तेही नेमकं काय बदलणार ते कागदावर लिहिता आलं तरच. मागच्या वर्षी आजारपण होतं, अकरावी वाया गेली होती, इंग्रजीत अडकलो होतो, अशी ठोस कारणं दूर होणार असतील तर जरूर करा. ‘यंदा जीव तोडून करतो’ हे कारण नाही. वैद्यकीय प्रवेशातला ७०:३० चा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्याच भागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातून) २०२० मध्ये रद्द झाला, आता सगळ्या राज्याशी एकाच यादीत स्पर्धा आहे. तिसऱ्यांदा बसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत मी जे बघितलंय ते आई-बापानं बघितलं तर ते आग्रह धरणार नाहीत. दरम्यान बीएस्सी, फार्मसी, कृषी, नर्सिंग यांपैकी एखादा अर्ज भरून ठेवावाच.

अर्ज भरतो कोण?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंती देता येते आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर ‘सहज टाकून बघू’ असं काही टाकू नका. इंजिनिअरिंगच्या पसंतीक्रमातही हीच काळजी. वसतिगृह, एसटीचं भाडं, मुलींना मिळणारी फीमाफी यांचा हिशेब आधी, क्रम नंतर. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून पूर्ण सवलत आहे. तरी ‘पोरीला एवढी फी कुठं’ म्हणून नाव मागं घेणारे बाप मला अजून भेटतात.

अर्ज भरायला लेकरानं स्वतः जावं. नेट कॅफेवाला घाईत असतो, तो स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो आणि पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडं जातात. फेरी लागते त्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं, नाहीतर तो पंढरीला गेलेला असतो. अर्ज भरून झाला असेल तर आजच लॉगिन करून प्रोफाइलमध्ये कोणता नंबर आहे ते बघा. घरचा नसेल तर मुदत संपायच्या आत बदलून घ्या, आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.